माया सोडून

सुवार्ता चोपडे फोटो घेऊन आली तेव्हा
मशिनवर कुणाचातरी शाळेचा युनिफॉर्म होता.
फोटोत मिशनच्या शाळेतली मिस,
गळ्यापर्यंत बंद, कमरेत आवळलेली,
डिंक लावलेल्या पाकिटासारखी.
"अठराशे त्र्याऐंशी," सुवार्ता म्हणाली.
"नाटकाला हवाय. पण खरा.
चेन नको, हूक लावायचे.
काखेतून टक्स घ्यायचा नाही, तो फार नंतरचा."
विलायतेहून मागवलेला नकाशा तिनं फरशीवर मांडला,
एकोणीस तुकडे, त्यात पाठीचेच सहा,
खांद्याची शिवण खांद्यावर नाहीच,
चांगली तीन बोटं मागं सरकलेली.

दस्तगीर मास्तर असते तर आधी कागद हुंगला असता.
शुक्रवार पेठेत त्यांच्याकडं काजं करायला बसले
तेव्हा मी चौदाची.
मिल बंद पडली तरी
ते भोंग्याच्या वेळेलाच कात्री खाली ठेवत.
"कागद खोटं बोलत न्हाई," म्हणायचे,
"पर सगळं बोलत बी न्हाई."

टेप लावला. मुंढा मोजला. पुन्हा मोजला.
एवढासा!
आणि कुठंच माया नाही,
कडेवरच शिवण, कडेवरच कात्री.
सुवार्ता म्हणाली, या नकाशात माया धरलेलीच नाही,
ती ज्यानं त्यानं आपली सोडायची.
किती, ते लिहिलेलं नाही.

लक्ष्मीपुरीतून मांजरपाट आणलं, कच्चा बेतला.
नाटकातली मिस म्हणजे बँकेतली आश्लेषा पाटणकर.
तिला घातला. हूक लावले, सोळा.
आरशात हुबेहूब फोटो.
"आता फळ्यावर लिही," सुवार्ता म्हणाली.
हात खांद्याच्या वर जाईना.
आश्लेषा हसली,
मग हसताही येईना.

मिसनं शिकवलं कसं असेल मग?

आठवड्यानं चर्चच्या माळ्यावरची पत्र्याची पेटी आली.
आत हजेरीपट, डांबराच्या गोळ्यांची पूड,
आणि कसरीनं खाल्लेलं जाकीट,
उरलेलं फक्त उजव्या बाजूचं.
मी उलटं केलं.
कपडा आतूनच वाचायचा असतो.
अस्तर जाडंभरडं, धावदोरा बारीक,
आणि काखेत, जिथं बघायला कुणी जात नाही,
चौकोनी तुकडा. खणाचा.
हिरवा. रेशमाची बुट्टी अजून जागी.
इथल्याच कुणीतरी
विलायती मुंढा उसवून
दोन बोटं जागा केली होती
खडू धरणाऱ्या हाताला.

नाव कुठंच नाही.
शिंप्याचं काम की शाळेतल्या पोरीचं, सांगता यायचं नाही.
टाके मात्र उलट्या अंगानं तिरके.
डावखुऱ्या माणसाचे.
मी डावखुरी आहे, मला ते लगेच दिसतं;
मास्तरांनी त्यावरून किती बोलणी घातलीत.

"पण हे नकाशात नाही," सुवार्ता म्हणाली,
"मग खरं कुठलं धरायचं?"
मला काय विचारतेस, बाई.
माझ्याकडं ओटीतला एक खण होता,
अडतीस वर्षं घडी न मोडलेला.
कापताना हात थांबला. थोडा वेळ.
मग नकाशाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं:
काखेत खण, दोन बोटं.
पुढं कुणी उघडला तर.

प्रयोगाला मी चौथ्या रांगेत.
खण दिसला नाही, दिसायचा नव्हताच.
आश्लेषानं हात वर केला,
फळ्यावर अ काढला, टोपीच्याही वर, हा एवढा मोठा,
आणि कुठं टर्र झालं नाही.
शेजारच्या बाई म्हणाल्या,
"ड्रेस अगदी तेव्हाचा वाटतो, नाही?"
मी म्हटलं, हूक सोळा आहेत.